परक्या रुळांवरच्या भाषा

संगणकाच्या भाषांच्या इतिहासांतील एक प्रकरण आज मला सांगावयाचें आहे. परंतु त्याआधीं श्रोत्यांनीं माझ्याबरोबर थोडा वेळ मनमाड स्टेशनावर यावें, अशी विनंति आहे. या प्रकरणाशीं त्या गांवाचा कांहीं कागदोपत्रीं संबंध आहे असें नाहीं; पण जो प्रश्न संगणकाच्या पडद्यावर डोळ्यांना दिसत नाहीं, तो मनमाडला जवळजवळ नव्वद वर्षें उघड्या फलाटावर मांडलेला होता.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग १८६० नंतरच्या दशकांत नाशिक-मनमाडवरून खानदेशांत उतरला. त्याच्या दोन रुळांमधील अंतर साडेपांच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर. पुढें १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यांतून हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा मार्ग नांदेड, परभणी, जालना आणि त्या वेळचें औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, असा मजल दरमजल करीत मनमाडला येऊन मिळाला. 'मिळाला' असें म्हणावयाचें खरें. पण त्याचे रूळ एक मीटर अंतराचे होते. दोन्ही मार्ग एकाच स्टेशनांत, हाकेच्या अंतरावर. आणि एकाची वाघीण दुसऱ्यावर चढणें अशक्य. मराठवाड्याचा माल मुंबईकडे जावयाचा म्हणजे पोतें न् पोतें हमालांच्या पाठीवरून एका वाघिणींतून दुसऱ्या वाघिणींत पडावयाचें. वेळ जाई, मजुरी जाई, आणि सांडलवंड होई ती वेगळीच. १९९० नंतरच्या दशकांत तो मार्ग रुंद करण्यांत आला तेव्हां ही हमाली संपली. गाड्या मंद होत्या म्हणून ती चालली नव्हती. दोन्हीकडच्या गाड्या आपापल्या रुळांवर नीट धांवत होत्या. अडचण सगळी सांध्याची होती. एवढें ध्यानांत ठेवून आतां संगणकाकडे वळूं.

संगणकाच्या प्रत्येक जातीच्या प्रोसेसरला आपापल्या आज्ञांची एक बोली असते, आणि एकाची बोली दुसऱ्यास कळत नाहीं. म्हणून 'सी'सारख्या भाषेंत लिहिलेली आज्ञावली ज्या जातीच्या यंत्रावर चालवावयाची त्या जातीसाठीं स्वतंत्रपणें भाषांतरित करावी लागते. यावर एक युक्ति फार पूर्वीं सुचली. प्रत्यक्षांत कोठेंच नसलेलें असें एक यंत्र कल्पावयाचें, त्याची एक आज्ञासूचि ठरवावयाची, आणि त्या कल्पित यंत्राची नक्कल प्रत्येक खऱ्या यंत्रावर बसवून द्यावयाची. मग आज्ञावली एकदांच लिहावी आणि ती कोठेंही चालावी. यास आभासी यंत्र म्हणतात. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीनें १९९५ मध्यें जेम्स गॉसलिंग यांची जावा ही भाषा जाहीर केली, ती अशाच एका यंत्रासह. हें यंत्र नुसतें आज्ञा पाळत नाहीं, तर घरकामही पाहतें. लागेल तेव्हां स्मृतींतील जागा देतें, वापर संपला कीं ती झाडून परत घेतें, कोणी आपल्या हद्दीबाहेर हात घातला तर तो अडवितें. लेखकाच्या डोक्यावरचा हा भार यंत्रणेनें उचलला, म्हणूनच तिला व्यवस्थापित यंत्रणा असें नांव पडलें.

येथें एक गोष्ट नमूद केली पाहिजे, कारण ती सहसा विसरली जाते. स्मृति आपोआप झाडून काढण्याची ही कल्पना जावाच्या घराण्यांतली नव्हे. १९६० च्या आगेमागें जॉन मॅकार्थी यांनीं लिस्प भाषेसाठीं ती प्रथम अमलांत आणली. आणि लिस्प ही ज्यांना 'डायनॅमिक', म्हणजे आपण लवचिक म्हणूं, त्या भाषांची आदिमाता आहे.

लवचिक कशावरून? जावासारख्या भाषेंत प्रत्येक नांवामागें काय असणार, अंक कीं मजकूर, हें लेखकानें आधींच लिहून द्यावें लागतें. लिस्प, स्मॉलटॉक, पायथॉन किंवा रूबी यांत तसें बंधन नाहीं. 'क अधिक ख' असें लिहिलें तर क आणि ख हे अंक निघाल्यास बेरीज होते, मजकूर निघाल्यास जोडणी होते; काय निघालें तें त्या क्षणीं पाहावयाचें. लिहिणाऱ्याला हें फार सोयीचें. पण यंत्राला प्रत्येक वेळीं थांबून डबा उघडून पाहावा लागतो. जावाचें यंत्र तर मालाची जात आधींच ठाऊक आहे असें धरून रचलेलें. तेव्हां त्या यंत्रावर लवचिक भाषा चालवावयाची म्हणजे एक मीटरची वाघीण साडेपांच फुटांच्या रुळांवर चढविण्यासारखेंच झालें.

तरीही तें करून पाहण्याचा मोह अनेकांना झाला, आणि त्याचें कारण उघड आहे. जावाच्या यंत्रावर नवी भाषा उतरविली कीं स्मृति झाडण्याची यंत्रणा, निरनिराळ्या संगणकांवर चालण्याची सोय आणि जावासाठीं तयार झालेलीं सर्व भांडारें तिला आयतीं मिळतात. नवीन गांव वसवितांना नदी, रस्ता आणि बाजारपेठ आधींच तयार असावी तसें हें आहे.

या इतिहासाचा नायक कोण असें कोणीं विचारलें तर मी जिम ह्युगुनिन यांचें नांव घेईन. त्यांनीं १९९५ मध्यें पायथॉन भाषेसाठीं न्यूमेरिक नांवाचें गणिताचें भांडार तयार केलें. अंकांच्या प्रचंड सारण्यांवर झपाट्यानें आकडेमोड करणारें हें भांडार त्यांनीं 'सी' भाषेंत रचलें, कारण खुद्द पायथॉनची मूळ यंत्रणाच 'सी'मध्यें लिहिलेली होती. दोनच वर्षांनीं, १९९७ मध्यें, त्याच ह्युगुनिन यांनीं जेपायथॉन तयार केला: तोच पायथॉन, पण जावाच्या यंत्रावर चालणारा. पुढें त्याचें नांव जायथॉन झालें. पायथॉन लिहिणाऱ्यास जावाचें सारें भांडार एका ओळींत खुलें झालें. शिवाय मूळ पायथॉनमध्यें एका वेळीं एकाच धाग्याला पायथॉनचें काम करूं देणारें जें एक कुलूप आहे, तें जायथॉनला लागलेंच नाहीं. मात्र एक गोष्ट मागें राहिली. न्यूमेरिक 'सी'मध्यें असल्यामुळें तें नव्या रुळांवर येऊं शकलें नाहीं. ज्या हातांनीं माल भरला होता त्याच हातांनीं ही दुसरी गाडी बांधली, आणि तो माल त्या गाडींत चढेना. या एका गोष्टीचे परिणाम पुढें वीस वर्षें पसरले. तिकडे मी परत येईनच.

इकडे जावाचें यंत्र आरंभीं मंद होतें. तें वेगवान कसें झालें याची हकीगत गमतीची आहे. डेव्हिड अंगर आणि रँडल स्मिथ यांच्या सेल्फ या अत्यंत लवचिक भाषेवर १९८० च्या अखेरीपासून संशोधन चाललें होतें. तींत असें दिसून आलें कीं, 'क'मध्यें काय निघेल हें तत्त्वतः अनिश्चित असलें तरी व्यवहारांत एकाच जागीं बहुधा तोच तो माल येतो. मग सांधेवाल्यानें प्रत्येक गाडीला अडवून चौकशी कां करावी? पहिल्या गाडीस विचारावें, सांधा लावून ठेवावा, आणि निराळी गाडी दिसली तरच पुन्हां बदलावा. या विद्येंत तयार झालेल्या मंडळींनीं ॲनिमॉर्फिक नांवाची एक छोटी कंपनी काढली. ती १९९७ मध्यें सननें विकत घेतली. आणि १९९९ मध्यें जावाला हॉटस्पॉट हें जलद यंत्र मिळालें तें याच घराण्यांतून. म्हणजे झाडलोट लिस्पची, वेग सेल्फचा, आणि घरावर पाटी जावाची! लवचिक भाषा जावाच्या दारीं उपऱ्या म्हणून आल्या असें जें म्हटलें जातें तें मला म्हणूनच पटत नाहीं. त्या आपल्याच माहेरीं आल्या होत्या. फक्त घराचे दरवाजे मध्यंतरीं बदलले होते.

२००२ मध्यें मायक्रोसॉफ्ट कंपनीनें डॉटनेट हें आपलें व्यवस्थापित यंत्र बाजारांत आणलें. तें अनेक भाषांसाठीं आहे अशी जाहिरात झाली, पण लवचिक भाषा त्यावर फार मंद चालतात असा बोलबाला होता. तसें कां होतें हें सिद्ध करणारा एक लहानसा निबंध लिहावा, या हेतूनें ह्युगुनिन यांनीं पायथॉनची एक आवृत्ति डॉटनेटवर उभारली. निबंध लिहिला गेला, पण उलट निष्कर्षाचा. मार्च २००४ मध्यें त्यांनीं दाखविलें कीं एका प्रचलित चांचणींत त्यांचा आयर्नपायथॉन मूळ पायथॉनच्या १.७ पट वेगानें धांवतो. त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्टनें त्यांना नोकरींत घेतलें. २००६ मध्यें आयर्नपायथॉनची पहिली पक्की आवृत्ति निघाली, मागोमाग आयर्नरूबी आली, आणि अशा सर्व भाषांना सामायिक असा एक थर डॉटनेटवर रचण्यास आरंभ झाला.

सन कंपनी मागें कशी राहील? रूबी ही युकिहिरो मात्सुमोतो या जपानी गृहस्थांनीं १९९५ मध्यें प्रसिद्ध केलेली भाषा. तिची जावावरील आवृत्ति, जेरूबी, २००१ पासून हौसेखातर चालली होती. २००६ मध्यें सननें तिचे दोन प्रमुख कारागीर, चार्ल्स नटर आणि थॉमस एनेबो, यांना पगारावर ठेवलें. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खुद्द जावाच्या यंत्रांतच बदल करण्याचें ठरलें. त्या यंत्राच्या आज्ञा सुमारें दोनशें. यंत्र जन्मल्यापासून त्या यादींत एकाही नव्या आज्ञेची भर पडली नव्हती. जॉन रोझ यांच्या नेतृत्वाखालीं जी नवी आज्ञा सिद्ध झाली, ती जुलै २०११ मध्यें जावाच्या सातव्या आवृत्तींत आली. मघाशीं सांगितलेली सांधेवाल्याची युक्ति तिनें भाषा रचणाऱ्याच्या हातीं दिली: या जागीं कोणता मार्ग जोडावयाचा तें मी चालतांना सांगेन, आणि यंत्रानें तो मार्ग स्वतःचाच समजून वेगवान करावा. पाहुण्यांसाठीं बांधलेल्या या दारानें पुढें घरचीच माणसें ये-जा करूं लागलीं, कारण २०१४ मध्यें जावाच्या आठव्या आवृत्तींत निनांवी फलनांची सोय आली ती याच आज्ञेवर उभारलेली आहे. डॉटनेटकडेही तसेंच घडलें. २०१० मध्यें सी-शार्प या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या भाषेंत 'डायनॅमिक' हा शब्द दाखल झाला, आणि त्यामागची यंत्रणा आयर्नपायथॉनच्या कामांतून निघालेली होती.

पण तोंपर्यंत आश्रयदाते बदलले होते. जानेवारी २०१० मध्यें ओरॅकल कंपनीनें सनला गिळलें. जेरूबीचे कारागीर त्याआधींच दुसरीकडे गेले होते. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्यें मायक्रोसॉफ्टनें आयर्नपायथॉन आणि आयर्नरूबी स्वयंसेवकांच्या हवालीं केल्या, आणि ह्युगुनिन कंपनी सोडून गेले. दोन बलाढ्य दरबारांचा आश्रय एकाच वर्षांत सुटला.

या भाषा मागें कां पडल्या याचें सर्वसाधारण उत्तर असें देण्यांत येतें कीं त्या मंद होत्या. मला हें उत्तर बरोबर वाटत नाहीं. आयर्नपायथॉन मंद नव्हता हें आपण पाहिलें. जायथॉनही दीर्घ काम असेल तर बऱ्यापैकीं चाले. सुरू होण्यास वेळ लावी एवढेंच. खरें कारण मालांत आहे. न्यूमेरिकपासून पुढें न्यूमपाय हें भांडार झालें. २००६ मध्यें त्याची पहिली पक्की आवृत्ति आली. शास्त्रज्ञ, सांख्यिकी आणि मागाहून यंत्रांना शिकविण्याची सारी विद्या त्याच्याभोंवतीं गोळा झाली. लोक पायथॉनकडे वळले ते या मालासाठीं, आणि तो सारा माल 'सी'च्या रुळांवर. जायथॉनचें व्याकरण तेंच, शब्द तेच, पण मनमाडला उतरल्यावर पुढची वाघीणच नाहीं, अशी त्या प्रवाशांची स्थिति झाली. त्यांत भर पडली विलंबाची. पायथॉनची २.७ ही आवृत्ति २०१० मध्यें निघाली, जायथॉन २.७ येण्यास २०१५ उजाडलें. १ जानेवारी २०२० रोजीं मूळ पायथॉनच्या दुसऱ्या पिढीचा सांभाळ संपला, आणि तिसऱ्या पिढीचा जायथॉन अजून प्रसिद्ध झालेला नाहीं.

हें केवळ पंडितांच्या चर्चेंतलें दुःख नव्हे. ओरॅकलच्या वेबलॉजिक आणि आयबीएमच्या वेबस्फिअर या मोठ्या कचेऱ्यांतून वापरल्या जाणाऱ्या यंत्रणांची व्यवस्था पाहण्यासाठीं जायथॉनचाच उपयोग केलेला आहे. कारखान्यांवर देखरेख ठेवणाऱ्या इग्निशन या प्रणालींतही तोच आहे. तेथें काम करणारा तरुण आज महाविद्यालयांत तिसऱ्या पिढीचा पायथॉन शिकून येतो, आणि नोकरींत त्याच्या पुढ्यांत २०१० सालची भाषा ठेवली जाते. छापण्याची साधी आज्ञासुद्धां निराळी. त्याची चिडचिड समजण्याजोगी आहे. पण ज्यानें ही निवड पंधरावीस वर्षांपूर्वीं केली त्याला दोष देणेंही कठीण, कारण तेव्हां ती निवड शहाणपणाचीच होती.

मराठी माणसाला या सांध्याची कळ आणखी एका ठिकाणीं जाणवते, तें म्हणजे लिपींत. देवनागरीला संगणकांत स्थान देण्याचें मोठें काम आपल्याकडेच झालें. कानपूरच्या आयआयटींत सुरू झालेलें तें काम १९८८ मध्यें पुण्याच्या सी-डॅकमध्यें आलें. त्याच वर्षींच्या भारतीय लिपिसंकेतावरून १९९१ च्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणी घेण्यांत आली. जावा युनिकोड घेऊनच जन्मली. पायथॉनमध्यें युनिकोड २००० सालीं आला, तोही प्रथम वेगळ्या खोलींत. उदाहरणार्थ 'मनमाड' हा शब्द घ्या. आपण वाचतांना त्यांत चार अक्षरें मोजतों: म, न, मा, ड. जावाला विचारलें तर ती पांच सांगते, कारण काना ती निराळा मोजते. आणि जुन्या पायथॉनला साधा मजकूर म्हणून दिला तर तो पंधरा सांगे, कारण यूटीएफ-८ या साठवणुकींत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात व तो बाइटच मोजी. मराठी शब्दाचीं पहिलीं चार अक्षरें कापून घेण्यास सांगावें, आणि त्यानें एक अक्षर व दुसऱ्याचा तिसरा हिस्सा हातीं द्यावा! जायथॉन लिहिणाऱ्याला जावाच्या मजकुराचा आधार जवळच होता, हा त्याचा मोठा लाभ.

रूबीचा घोटाळा निराळाच. तिचा मजकूर म्हणजे बाइटांची माळ आणि वर लिपिसंकेताची चिठ्ठी. जेरूबीनें आरंभीं जावाचा मजकूर वापरून पाहिला. तो रूबीच्या चालीशीं जुळेना, तेव्हां तिनें स्वतःची बाइटांची माळ बांधली. रूबीची चाल साधली, पण जावाच्या भांडाराशीं व्यवहार करावयाचा झाला कीं मजकूर इकडून उतरवून तिकडे चढवावा लागतो. ही शुद्ध हमाली आहे, आणि ती टाळावयाची तर रूबीनें रूबीपण सोडावें लागेल.

ही हमालीच नको, असें ज्यानें ठरविलें त्या माणसाची गोष्ट शेवटीं सांगतों. रिच हिकी हे लिस्पचे भक्त. लिस्पमधून जावाच्या भांडाराशीं बोलतां यावें म्हणून त्यांनीं आधीं दोन पूल बांधले. ते दोन यंत्रणांमध्यें माल वाहणारे, म्हणजे पुन्हां हमालच. त्यांत समाधान न झाल्यामुळें २००५ च्या सुमारास त्यांनीं काम सोडून, स्वतःच्या शिलकीवर घर चालवून, नवीन लिस्प रचण्यास घेतली आणि २००७ मध्यें ती क्लोजर या नांवानें प्रसिद्ध केली. तिनें जावाचा मजकूर आहे तसा घेतला, अंक आहेत तसे घेतले, आणि आपलीं संग्रहसाधनें अशीं घडविलीं कीं जावाला तीं आपल्यांतलींच वाटावींत. याची किंमतही दिली. जुन्या लिस्प-घराण्यांतील कांहीं भाषांत एखादें फलन स्वतःलाच पुनःपुन्हां हांक मारीत कितीही खोल गेलें तरी जागा संपत नाहीं. जावाच्या यंत्राला ती सवय नाहीं. हिकी यांनीं तें सोंग आणलें नाहीं. त्या कामासाठीं निराळा शब्द ठेवला आणि लेखकानें तो जाणूनबुजून वापरावा असें सांगितलें. मागील भाषांचा आग्रह दुसऱ्या घरचें सर्व कांहीं जसेंच्या तसें उतरविण्याचा होता. हिच्या मागें जपावयाचें असें दुसरें घरच नव्हतें.

क्लोजर आपल्या जवळच येऊन पोंचली. पुण्यांत ज्यांचें काम वाढलें त्या हेल्पशिफ्ट कंपनीनें मोबाइलवरील ग्राहकांच्या तक्रारी व प्रश्न सोडविण्याची आपली यंत्रणा क्लोजरमध्यें उभारली, आणि त्यामुळें पुण्याच्या तरुण मंडळींत लिस्पचे कंस वाचूं शकणारा एक वर्ग तयार झाला. साठ वर्षांची भाषा ऐन नव्या धंद्यांत नोकरी देते, हें पाहून मॅकार्थींना मौज वाटली असती.

रूळच रुंद करण्याचा यत्नही चालू आहे. ओरॅकलच्या प्रयोगशाळेंतून आलेल्या ग्रालव्हीएम या यंत्राची पहिली पक्की आवृत्ति २०१९ मध्यें निघाली. त्यावरील पायथॉन 'सी'मध्यें लिहिलेलीं भांडारेंही चालविण्याची खटपट करतो. कांहीं चालतात, कांहीं अडतात. आयर्नपायथॉनच्या स्वयंसेवकांनीं २०२२ च्या डिसेंबरांत तिसऱ्या पिढीची आवृत्ति काढली. जेरूबीचे कारागीर मध्यंतरीं बारा वर्षें रेडहॅट कंपनीच्या आश्रयास होते; २०२४ मध्यें तोही आश्रय संपला, तेव्हां नटर यांनीं स्वतःचेंच दुकान थाटलें. एप्रिल २०२५ मध्यें जेरूबीची दहावी आवृत्ति निघाली. ती चालविण्यास जावाची निदान एकविसावी आवृत्ति लागते.